परदेशातील सुट्टी आणि मुलाची नजर : ‘द ग्रीनगेज समर’ व ‘आफ्टरसन’ यांचा तौलनिक अभ्यास

सारांश

कुटुंबासह परदेशी सुट्टीवर गेलेल्या मुलाची दृष्टी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. रूमर गॉडन यांची ‘द ग्रीनगेज समर’ (१९५८) ही इंग्रजी कादंबरी आणि शार्लट वेल्स यांचा ‘आफ्टरसन’ (२०२२) हा चित्रपट या दोन कलाकृतींच्या आधारे येथे विवेचन केले आहे. बालदृष्टी म्हणजे निरागस दृष्टी, हे रूढ समीकरण या कलाकृतींना लागू पडत नाही. परक्या देशात मुलाला वडीलधाऱ्यांची ऐपत अचूक दिसते, परंतु त्यांचे दुःख दिसत नाही. दिसलेल्या ऐपतीमागील न दिसलेले दुःख वाचकापर्यंत वा प्रेक्षकापर्यंत पोहोचवणे ही अशा निवेदनाची कसोटी होय, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : बालदृष्टी, निवेदन, स्मृती, पर्यटन, कौटुंबिक संबंध.

१. प्रस्तावना

मराठी वाचकाला बालनिवेदन अपरिचित नाही. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ (१९३५) मध्ये प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना आपल्या बालपणीच्या आठवणी सांगतो. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (१९९४) पासून सुरू झालेल्या कथांमध्ये लंपन स्वतःच्या खास भाषेत आपले जग उभे करतो. या लेखनाविषयी बोलताना ‘निरागसता’ हा शब्द आपण सहज वापरतो. तो सर्वस्वी चुकीचा नाही, मात्र अपुरा आहे. मुलाला पुष्कळ गोष्टी ठाऊक नसतात हे खरे. पण ज्या ठाऊक असतात त्या तो फार बारकाईने जाणतो. निरागसतेच्या कौतुकात या दुसऱ्या बाजूकडे आपले दुर्लक्ष होते.

दुसरीकडे, परदेशप्रवासाविषयीच्या मराठी लेखनात पाहणारा आणि सांगणारा प्रामुख्याने प्रौढच असतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) मध्ये परक्या देशाविषयीचे नवल आहे, स्वतःच्या फजितीचा विनोदही आहे. परंतु आपली फजिती कोणाला कितपत सांगायची हे ठरवण्याचा अधिकार लेखकाच्या हाती आहे. तीच फजिती शेजारी उभे असलेले मूल पाहत असेल, तर ती कशी दिसेल? आईवडिलांना भाषा येत नाही, पैसे मोजून खर्च करावे लागतात, परक्या माणसासमोर त्यांचा आवाज बदलतो. या गोष्टी मूल पाहते आणि कित्येक वर्षे मनात ठेवते. प्रस्तुत अभ्यासाचा प्रश्न येथून सुरू होतो.

अभ्यासासाठी निवडलेल्या दोन कलाकृतींमध्ये ६४ वर्षांचे अंतर आहे आणि त्यांची माध्यमेही भिन्न आहेत. गॉडन (१९०७–१९९८) यांचे बालपण आजच्या बांगलादेशातील नारायणगंज येथे गेले, तर प्रस्तुत कादंबरीला त्यांच्या किशोरवयातील फ्रान्सच्या प्रवासाचा आधार आहे. वेल्स यांचा जन्म १९८७ मध्ये एडिंबरा येथे झाला. ‘आफ्टरसन’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट असून तो भावनिक अर्थाने आत्मचरित्रात्मक असल्याचे त्यांनी म्हटले आहे. दोन्ही कलाकृतींत मोठी झालेली मुलगी मागे वळून एका सुट्टीकडे पाहते. हे साम्य तुलनेला पुरेसे आहे. कादंबरीवर १९६१ मध्ये निघालेला चित्रपट या लेखाच्या कक्षेबाहेर ठेवला आहे.

२. सुट्टी : घराच्या भिंती नसलेले घर

‘द ग्रीनगेज समर’मधील ग्रे कुटुंबात पाच भावंडे आहेत. सोळा वर्षांची जॉस, तेरा वर्षांची निवेदक सेसिल आणि त्यांच्या पाठची हेस्टर, विलमाउस व व्हिकी. वडील वनस्पतिशास्त्रज्ञ असून बहुतेक काळ दूरदेशी असतात. मुले कुरकुरी आणि कृतघ्न झाली आहेत असे वाटून आई त्यांना फ्रान्समधील पहिल्या महायुद्धाच्या रणभूमी दाखवायला नेते. त्याग म्हणजे काय हे त्यांना उमगावे, हा तिचा हेतू. म्हणजे ही सुट्टी मुळात शिकवणीसाठीच योजलेली आहे. प्रवासातच आईच्या पायाला गोमाशी चावते, जखम चिघळते आणि मार्न नदीकाठच्या ‘लेझ ओइए’ नावाच्या हॉटेलात पोहोचल्यावर तिला रुग्णालयात हलवावे लागते. मुले परक्या देशात, परक्या हॉटेलात, एलियट नावाच्या अनोळखी इंग्रज गृहस्थाच्या भरवशावर राहतात.

‘आफ्टरसन’मधील कुटुंब दोघांचेच आहे. अकरा वर्षांची सोफी आणि लवकरच ३१ वर्षांचा होणारा तिचा बाप कॅलम. आईवडील विभक्त आहेत. सोफी एरवी आईजवळ राहते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस बापलेक तुर्कस्तानच्या समुद्रकिनाऱ्यावरील एका स्वस्त हॉटेलात काही दिवस घालवतात. ऊन, पोहण्याचा तलाव, बिलियर्ड्‌स, संध्याकाळचे करमणुकीचे कार्यक्रम. बाह्य घटना एवढ्याच.

या दोन सुट्ट्यांच्या मधल्या काळात ब्रिटनमधील पर्यटन बदलले. १९३८ च्या कायद्याने कामगारांच्या पगारी रजेला चालना मिळाली. १९५० मध्ये व्लादिमीर राइट्झ यांनी कोर्सिकाला नेलेल्या सहलीपासून विमानप्रवास, निवास व भोजन एकत्र विकण्याची पद्धत रुजू लागली. ग्रे कुटुंबाचा प्रवास आईच्या धाडसावर अवलंबून होता. कॅलमसारख्या बेताच्या मिळकतीच्या तरुणाला मात्र ठरावीक रक्कम भरून परदेश विकत घेता येतो. सुट्टी आवाक्यात आली, पण त्याबरोबर आवाक्याचीच मोजदाद सुरू झाली.

सुट्टीचे आणखी एक वैशिष्ट्य येथे लक्षात घेतले पाहिजे. घरी मूल आणि पालक यांच्यामध्ये शाळा, नोकरी, शेजार, नातेवाईक आणि प्रत्यक्ष भिंती असतात. पालकाचा वाईट दिवस दाराआड राहू शकतो. हॉटेलच्या खोलीत ही सोय नसते. कॅलमने दोन खाटांची खोली मागितलेली असते, मिळते एकाच पलंगाची. सोफी पलंगावर झोपते, तो लहानशा वेगळ्या खाटेवर. पहिल्याच रात्री झोपलेल्या मुलीच्या पायांतील बूट काढून तो बाल्कनीत जातो आणि काचेपलीकडे सिगारेट ओढत राहतो. तिच्या श्वासांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. तो मात्र पाठमोरा दिसतो. संपूर्ण चित्रपटाची रचना या एका दृश्यात आहे. अंतर काही फुटांचे आणि मध्ये काच.

३. ऐपतीचे गणित

हेन्री जेम्स यांच्या ‘व्हॉट मेझी न्यू’ (१८९७) या कादंबरीतील मेझी ही विभक्त आईवडिलांमध्ये वाटली गेलेली मुलगी आहे, आणि तिच्याही आयुष्याचा निर्णय अखेर फ्रान्समधील बूलोन या किनारी गावी होतो. या कादंबरीच्या नंतर लिहिलेल्या प्रस्तावनेत जेम्स यांनी असा विचार मांडला, की लहान मुलांची संवेदने त्यांच्याजवळील शब्दांपेक्षा कितीतरी अधिक असतात. हे सूत्र मौलिक असले तरी एक गोष्ट त्याला जोडावी लागते. काही बाबतींत मुलांजवळ शब्दही असतात, आणि पैसा ही त्यांतील प्रमुख बाब होय.

ग्रे भावंडांना आपण गरीब असल्याचे ठाऊक आहे. आपले कपडे, आपले सामान, हॉटेलमालकीण मादम्वाझेल झिझी आणि कारभारीण मादाम कॉर्बे यांच्या नजरेतील नापसंती हे सर्व सेसिल टिपते. आपण येथे नकोसे आहोत आणि एलियटच्या शब्दामुळेच आपल्याला थारा मिळाला, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. आई नसलेल्या मुलांना आपले स्थान कोणाच्या मर्जीवर टिकून आहे याचा हिशोब झटपट येतो.

सोफीचा हिशोब अधिक वेदनादायक आहे, कारण तो बापाचा आहे. बोटीच्या सहलीत पाण्याखाली पाहण्याचा चष्मा तिच्या हातून समुद्रात जातो, तेव्हा तो महाग होता हे आपल्याला माहीत असल्याचे ती बापाला सांगते. कॅराओकेच्या रात्री ती दोघांचे नाव नोंदवते; कॅलम उठत नाही; ती एकटीच बेसूर गाते. नंतर तो तिला गाण्याची शिकवणी लावून देण्याची तयारी दाखवतो. पैसे नसताना अशी आश्वासने देत जाऊ नकोस, अशा अर्थाचे ती उत्तर देते. ही गोष्ट ती रागाच्या भरात बोलते खरी, पण वाक्य त्या क्षणी सुचलेले नाही. ते तिच्याजवळ पूर्वीपासून तयार होते. येथे मूल निरागस नाही. ते बापाच्या खिशाची जमाखर्चवही पाठ असलेले मूल आहे.

हॉटेलात राहणाऱ्या एका मोठ्या मुलीकडून सोफीला मनगटावरचा पिवळा पट्टा मिळतो. हा पट्टा असला की खाणेपिणे हवे तेवढे मागता येते. वर्ग म्हणजे काय हे समजावणारी इतकी सोपी वस्तू दुसरी सापडणे कठीण. एकाच तलावात पोहणाऱ्या मुलांमध्ये कोणाच्या मनगटावर पट्टा आहे आणि कोणाच्या नाही, हे मुलांना दिसते. चित्रपट यावर भाष्य करत नाही. पट्टा दाखवतो आणि पुढे जातो.

याच संदर्भात गालिच्याचा प्रसंग महत्त्वाचा आहे. कॅलमला एक गालिचा फार आवडतो. किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. पुढे तो एकटाच परत जाऊन तो विकत घेतो. व्यवहाराच्या दृष्टीने हा वेडेपणा. परंतु प्रौढ सोफीच्या पलंगालगत तोच गालिचा अंथरलेला आपल्याला दिसतो, तेव्हा या खरेदीचा अर्थ बदलतो. पुढचा विचार करणे सोडून दिलेला माणूसच असा खर्च करू शकतो, ही शक्यता पुढे येते. मुलीच्या हिशोबात जी उधळपट्टी होती, ती निरोपाची भेट ठरते. ऐपतीच्या खुणेतून दुःखाची खूण वाचायला लावणे हे वेल्स यांच्या दिग्दर्शनाचे मर्म आहे.

४. कोण पाहते आणि कोण बोलते

‘कोण पाहते’ आणि ‘कोण बोलते’ हे प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत, हा जेरार जेनेट यांनी १९७२ मध्ये मांडलेला भेद या अभ्यासात उपयुक्त ठरतो. दोन्ही कलाकृतींत पाहणारे मूल आहे, सांगणारी प्रौढ स्त्री आहे. प्रश्न असा, की प्रौढ स्त्री मुलाच्या पाहण्यात किती ढवळाढवळ करते?

गॉडन यांनी यावर खुबीदार उपाय योजला आहे. सेसिल कथा सांगत असताना मोठेपणीचे भावंडांचे शेरे मध्येच येतात. ही हकिकत मुख्यतः जॉसच्या बाबतीत घडली, तेव्हा ती तिनेच लिहावयास हवी, असेही सेसिल आरंभी जॉसला सुचवते. त्यामुळे आठवण ही एकट्या निवेदकाची मालमत्ता राहत नाही. ती भावंडांत वाटलेली, तपासलेली, वादग्रस्त अशी सामायिक मिळकत होते. सेसिल मधल्या वयाची आहे. धाकट्यांप्रमाणे ती खेळात रमू शकत नाही आणि जॉसप्रमाणे प्रौढांच्या जगात तिला प्रवेश नाही. एलियट आणि जॉस यांच्यातील ओढ, झिझीचा मत्सर, स्वयंपाकघरातील पॉल या पोऱ्याची चीड. हे सर्व ती उंबरठ्यावरून पाहते. उंबरठ्यावरच्या माणसाला दोन्ही खोल्या दिसतात, पण कोणतीच पूर्ण दिसत नाही.

तथापि गॉडन यांची कादंबरी शेवटी रहस्यकथेच्या वळणावर जाते. एलियट पोलिसांना हवा असलेला चोर निघतो, पॉलचा खून होतो, आणि मुलांच्या संकटाची वर्दी त्यांच्या मामाला, अंकल विल्यमला, एलियटकडूनच मिळते. मुलीला जे कळत नव्हते त्याचा उलगडा घटनेने होतो. वाचकाला समाधान मिळते; पण न कळण्याची जी वेदना कादंबरीने इतक्या नेटाने उभी केलेली असते, ती या उलगड्याने काहीशी सैल पडते.

वेल्स उलगडा नाकारतात. कॅलम न्हाणीघरात स्वतःच्या हाताचे प्लास्टर कात्रीने कापतो, त्याला जखम होते. भिंतीपलीकडे सोफी वाचत बसलेली आणि त्याच्याशी गप्पा मारणारी. पडद्यावर दोघेही एकाच वेळी दिसतात, मध्ये भिंत. एका संध्याकाळी सोफी सांगते, की छान दिवस घालवल्यावरही कधी कधी अंगातले सगळे थकून गेल्यासारखे, आपण बुडत असल्यासारखे वाटते. कॅलम ते ऐकतो आणि आरशातील स्वतःच्या प्रतिमेवर थुंकतो. सोफीला हे दिसत नाही. आपल्या मनातील अंधार मुलीतही उतरला की काय, ही भीती त्या कृतीत आहे. मुलीने स्वतःच्या थकव्याचे वर्णन केले. त्याच शब्दांत बापाचे निदान झाले. तिला शब्द सापडले आणि तरीही ते कोणाला लागू पडतात हे कळले नाही. जेम्स यांच्या सूत्राची ही उलट बाजू म्हणता येईल.

५. कॅमेरा आणि स्मृती

‘आफ्टरसन’मध्ये बापलेकीजवळ एक लहान व्हिडिओ कॅमेरा आहे. सोफी बापाची मुलाखत घेते: अकरा वर्षांचा असताना मोठेपणी आपण काय करत असू असे तुला वाटले होते? कॅलम तिला कॅमेरा बंद करायला लावतो. आता आपण मनातल्या कॅमेऱ्यात चित्रण करू, असे ती म्हणते. पुढे तो आपल्या अकराव्या वाढदिवसाची हकिकत सांगतो. तो दिवस घरी कोणाच्याही लक्षात राहिला नव्हता. अत्यंत महत्त्वाचा हा मजकूर चित्रफितीवर नाही. चित्रफितीवर आहे ती थट्टामस्करी.

येथे पर्यटनातील छायाचित्रणाविषयी एक मार्मिक निरीक्षण दडलेले आहे. सुट्टीत आपण आनंद टिपतो, कारण आनंद टिपण्यासाठीच तो कॅमेरा आणलेला असतो. वीस वर्षांनी, बापाच्या त्या वेळच्या वयाला पोहोचलेली, स्वतः आई झालेली सोफी त्या फिती पाहते तेव्हा तिला हवा असलेला माणूस त्यांत सापडत नाही. म्हणून जे टिपले गेले नाही ते तिला कल्पनेने रचावे लागते. कॅलमचे रात्री समुद्रात शिरणे, त्याचे पाठमोरे हुंदके, दिव्यांच्या लखलखाटातील नृत्य. या दृश्यांना सोफी साक्षी नव्हती. ती तिची रचना आहे. चित्रपट कॅलमचे पुढे काय झाले हे सांगत नाही. मात्र विमानतळावर मुलीला निरोप देऊन तो कॅमेरा बंद करतो आणि एका रिकाम्या मार्गिकेतून दाराआड जातो, तेव्हा प्रेक्षकाच्या मनात फारसा संदेह उरत नाही.

शीर्षकाचा अर्थही येथे ध्यानात येतो. ‘आफ्टरसन’ म्हणजे उन्हाने त्वचा भाजल्यानंतर लावायचा लेप. तो भाजणे थांबवू शकत नाही. फक्त नंतरची आग शमवतो. सोफीचे स्मरण हे असेच नंतर लावलेले औषध आहे. ‘मला तेव्हा का दिसले नाही’ हा प्रश्न तिला छळत असावा. चित्रपटाचे उत्तर कठोर नाही. अकरा वर्षांच्या मुलीने पाहावे म्हणून कॅलम दुःख दाखवत नव्हता. तिने पाहू नये म्हणून तो सारी शक्ती खर्च करत होता. तिला न दिसणे हे त्याच्या प्रेमाचे यश होते. तेव्हा न पाहिल्याचा दोष मुलाच्या पदरात घालता येत नाही.

६. यजमान देशाचे काय?

येथपर्यंतचे विवेचन ‘आफ्टरसन’ला अनुकूल आहे. तथापि एका बाबतीत हा चित्रपट उणा पडतो. त्यातील तुर्कस्तान हा पाहुण्यांच्या दुःखाचा पडदा आहे. गालिचा विकणारा, सहल नेणारे, हॉटेलातील नोकर येतात आणि जातात; त्यांच्यापैकी कोणाचेही जीवन सोफीच्या सुट्टीला स्पर्श करत नाही. यावर असे उत्तर देता येईल, की सवंग पर्यटनस्थळाची रचनाच अशी असते. कुंपणातील मुलाला कुंपणाबाहेरचा देश दिसणार कसा? हे उत्तर अर्धे मान्य करण्याजोगे आहे. परंतु प्रौढ सोफी ज्या गोष्टी पाहिल्या नाहीत त्या कल्पनेने रचते, असे एकदा स्वीकारल्यावर मुलाच्या नजरेच्या मर्यादेची सबब पूर्णपणे टिकत नाही. तिची कल्पना बापाच्या खोलीत शिरते. ज्या माणसांच्या श्रमावर ती सुट्टी उभी होती, त्यांच्यापर्यंत जात नाही.

गॉडन यांच्या कादंबरीत फ्रान्स अधिक जिवंत आहे. मुले हॉटेलच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात आणि फळबागेत वावरतात. पॉलचे वंचित जिणे, त्याचा कडवटपणा, त्याची स्वप्ने सेसिलला कळतात. आई नसल्यामुळे मुले पाहुणे राहत नाहीत. ती त्या घराच्या राबत्याचा भाग होतात. मात्र तेथेही मुलांची ओढ शेवटपर्यंत राहते ती देखण्या, सुसंस्कृत, इंग्रज एलियटकडे. मारला जातो तो फ्रेंच पोऱ्या. गॉडन यांनी ही विषमता लपवलेली नाही, पण तिची पुरेशी झाडाझडतीही घेतलेली नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील मुद्दे हाती लागतात.

(१) परदेशातील कौटुंबिक सुट्टी ही बालदृष्टीच्या निवेदनासाठी विशेष अनुकूल परिस्थिती आहे. कारण तेथे पालकांचा नेहमीचा अधिकार क्षीण होतो आणि आडोसेही नाहीसे होतात.

(२) अशा परिस्थितीत मुलाची नजर निरागस नसून असमान असते. पैसा, मानमरातब, परावलंबन या बाबतींत ती प्रौढांइतकीच, क्वचित अधिक, तीक्ष्ण असते. वडीलधाऱ्यांच्या मनोव्यथेच्या बाबतीत ती जवळजवळ अंध असते. म्हणून ‘निरागसता’ हा निकष समीक्षेने जपून वापरावा.

(३) न कळलेल्याचा उलगडा घटनेने करण्यापेक्षा तो अपुरा ठेवण्यात ‘आफ्टरसन’ने अधिक कलात्मक प्रामाणिकपणा दाखवला आहे. यजमान समाजाला माणूसपण देण्यात मात्र ‘द ग्रीनगेज समर’ सरस ठरते.

मराठी लेखनापुरते एवढेच सुचवावेसे वाटते. मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांचा परदेशप्रवास आता नवलाचा राहिलेला नाही. विमानतळावर कागदपत्रे पुनःपुन्हा चाचपणारे वडील, परक्या चलनातील किंमत मनातल्या मनात रुपयांत मोजणारी आई आणि हे सारे न्याहाळणारी मुले आपल्या आसपास आहेत. बालपणाची अस्सल भाषा घडवण्याचे सामर्थ्य मराठीत आहे, हे लंपनने दाखवून दिले आहे. त्या मुलांपैकी कोणी उद्या लिहू लागले, तर समीक्षेने त्यांच्याकडून केवळ गोड नवलाईची अपेक्षा करू नये. त्यांनी आपल्या आईवडिलांचा हिशोब ठेवलेला असेल. त्या हिशोबातून काय सुटले हे ओळखायला त्यांना वेळ लागेल.